एका कोयत्यात दोन माणसं

मार्चमधली गोष्ट. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झालेली. कुपवाडच्या एका कारखान्याला बेअरिंग हाउसिंगचं सुधारलेलं ड्रॉइंग अकराच्या आत हवं होतं. धाकटी माझ्या मांडीवर, वय सव्वा वर्ष, एका हातात माउसची वायर आणि दुसऱ्या हातात चोखून लिबलिबीत झालेलं बिस्किट. थोरल्याची व्हॅन सव्वाबाराला येणार, त्याआधी कुकर लावायचा. मी फाइल जोडली, पाठवली, व्हॉट्सॲपवर 'पाठवलं सर' टाकलं आणि पोरीला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात गेलो. नऊ दिवसांनी कळलं की रिव्हिजन 'सी'च्या जागी रिव्हिजन 'बी' गेली होती. चाळीस नगांना जुन्या मापाने भोकं पडली होती. रिजेक्शनची डेबिट नोट माझ्या नावावर आली आणि मार्चच्या बिलातलं हातात जवळजवळ काहीच पडलं नाही. कारखानदार भला माणूस, आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "घरातनं काम म्हटल्यावर असं व्हायचंच की. एखादं छोटं ऑफिस बघा."

चूक माझी, त्यात वाद नाही. पैसे मी भरले. पण ऑफिस घेतल्यावर सव्वा वर्षाची पोरगी कुठल्या कपाटात ठेवायची ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. पुण्यात सहा वर्षं नोकरी केली, थोरला झाल्यावर सांगलीला परत आलो. बायको मिरजेत एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिची ड्युटी फिरती: कधी सकाळ, कधी दुपार, महिन्यातून आठवडाभर रात्र. दोघांपैकी एकाचं घड्याळ तरी मोकळं असावं म्हणून मी नोकरी सोडली आणि कास्टिंगची, जिग-फिक्स्चरची ड्रॉइंगं घरून करू लागलो. तेव्हापासून एक शब्द इतक्यांदा ऐकलाय की आता कानात खुपतो. घरबसल्या. घरबसल्या कमवा, मुलं लहान असणाऱ्यांना घरबसल्या उत्तम संधी. हा शब्द ज्याने काढला त्याने लहान मूल सांभाळत कधी काम केलेलं नसणार, कारण त्यात बसणं सोडून बाकी सगळं असतं.

विषय निघाला की सल्ले येतात. पहाटे उठा, कामांची यादी करा, मूल झोपलं की काम उरका. मी सगळं करून पाहिलंय. आमची धाकटी दुपारी दीडला झोपते, कधी तीनपर्यंत, कधी दोनपर्यंतच. ड्रॉइंग करताना अख्खा पार्ट डोक्यात फिरवावा लागतो: कोर कुठून निघणार, मशिनिंगला किती अलाउन्स ठेवायचा, पकडायला जागा कुठे आहे. हे डोक्यात जमायलाच वीस मिनिटं जातात. एकविसाव्या मिनिटाला आतून "बाबा" अशी हाक आली की पत्त्यांचा बंगला कोसळतो. मग पुन्हा पहिल्यापासून वीस मिनिटं. दिवसभरातले असे तुकडे जोडले तर पाच तास सहज भरतील, पण पंधरा मिनिटांचे चार तुकडे म्हणजे एक तास होत नाही. वेळ मिळतो. सलग वेळ मिळत नाही. आणि सलग वेळ यादी करून तयार करता येत नाही. तो दुसऱ्या कुणीतरी द्यावा लागतो. आपण काम करत असताना त्या माणसाने मुलाकडे बघावं लागतं. आख्ख्या प्रश्नाची मेख इथे आहे, आणि नियोजनाचे सल्ले नेमके त्या दुसऱ्या माणसाला वगळून दिलेले असतात.

आमच्या घरी तो दुसरा माणूस म्हणजे माझी आई. ती आहे म्हणून मी फ्रीलान्सर आहे. पण आईला स्वतःचं काम आहे. तासगाव तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे, वडील आता एकट्याने बघू शकत नाहीत. एप्रिलची खरड छाटणी, मग ऑक्टोबरची फळछाटणी, पुढे विरळणी, डिपिंग, माल काढणं, बेदाणा शेडवर टाकणं. बागेत बायकांची टोळी आली की त्यांच्यावर लक्ष ठेवायला आणि चहा-पाण्याला आईच लागते. त्यामुळे आमच्या घरचं पाळणाघर द्राक्षाच्या छाटणीप्रमाणे उघडतं आणि बंद होतं. मार्चमधला तो घोटाळा झाला तेव्हा आई शेडवर होती. माझ्या कामाच्या तारखा कारखान्याच्या मागणीवर ठरतात असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे त्या बागेत घड कधी पिकतात यावर ठरतात.

बरं, आई साठी ओलांडलेली. "माझं गुडघं आता ऐकत न्हाईत," असं म्हणत ती पोरीच्या मागे जिना चढते-उतरते. तिला कुणी विचारलेलं नाही. मीही नाही. आजी म्हटलं की विचारायचं नसतं असं आपण धरून चाललोय. 'आजी आहेत ना घरी, मग काय चिंता?' हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकलंय, आणि ते म्हणणाऱ्यांत आजीला पगार किती, सुट्टी कधी, असं विचारणारा एकही भेटलेला नाही.

आमच्या भागात ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. बीडकडून टोळ्या येतात. मुकादम टोळी बांधताना माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्यावर होतो. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, गाडी भरू लागते, आणि दिवस उगवायच्या आधी भाकरीही तिनेच थापलेल्या असतात. वहीत मात्र एकच आकडा. पोर फडाच्या कडेला झोळीत. रस्त्याने जाताना ती झोळी दिसली की पूर्वी वाईट वाटायचं. आता वाईट वाटतंच, शिवाय ओळखीचं काहीतरी दिसतं.

माझी आणि त्या बाईची तुलना करायची माझी लायकी नाही. माझ्या डोक्यावर पंखा आहे, ड्रॉइंग चुकलं तर पैसे जातात, तिचा कोयता चुकला तर बोट जातं. पण हिशेबाची रीत तीच आहे. कारखान्याला माझं एका माणसाचं कोटेशन जातं. ड्रॉइंग मागे एवढे रुपये. त्या रुपयांत माझे तास आहेत आणि आईचेही आहेत, बायकोने रात्रपाळी करून आल्यावर न झोपता काढलेले दोन तासही आहेत. पुण्याचा माझा जुना सहकारी, त्याच्या घरी मूल नाही, तोही त्याच दराने काम करतो. तो खरोखर एकटा आहे. मी एका कोयत्यात अडीच माणसं लावून त्याच्याशी स्पर्धा करतोय. घरून काम स्वस्त पडतं असं कंपन्या म्हणतात, ते बरोबरच आहे. त्यातला अर्धा भाग त्यांना फुकट मिळतो.

आता एक कबुली. मी पुरुष असल्यामुळे हे सगळं करताना मला हारतुरे मिळतात. आमच्या बिल्डिंगमधल्या काकू मला भाजी आणताना पोरीसह बघतात आणि म्हणतात, "बघा, बाबा सांभाळतात! किती कौतुक." माझ्या समोरच्या फ्लॅटमधली ताई ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. तिचीही दोन मुलं, थोरली पहिलीत, धाकटा अडीच वर्षांचा. मशीन हॉलमध्ये, कात्री आणि सुयांचा डबा माळ्यावर, आणि मधल्या दारात आडवी लावलेली लाकडी फळी, म्हणजे धाकट्याने मशीनच्या पट्ट्यापर्यंत येऊ नये. सणाच्या दिवसांत तिच्याकडे साड्यांच्या पिशव्यांचा ढीग असतो. ती नगावर काम करते, तारीख पाळते, गिऱ्हाइकाची बोलणी खाते, उधारी वसूल करते. माझ्यात आणि तिच्यात कामाच्या स्वरूपात काडीचा फरक नाही. पण मी फ्रीलान्सर आणि ती 'घरीच असते'. तिला कौतुक नाहीच, उलट धाकटा पडला तेव्हा त्याच काकू म्हणाल्या, "आईचं लक्ष कुठं होतं?"

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचं वेळवापराचं सर्वेक्षण आहे. 2019 साली घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या आणि ते करणारे पुरुष 97 मिनिटं. 2024 साली पुन्हा मोजलं तर बायकांची 289 झाली होती. पुरुषांची? 88. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनी लगोलग स्वतःची नऊ वाचवली. मुलं-म्हातारी सांभाळण्याचा हिशेब यात धरलेला नाही, तो वेगळा आहे आणि त्याचीही गत अशीच. म्हणून 'संतुलन कसं साधता?' हा प्रश्न महिला दिनाच्या व्यासपीठावर बायकांनाच विचारला जातो. उत्तर ठरलेलं, तारेवरची कसरत. डोंबारी तारेवर चालतो तेव्हा खाली निदान कुणीतरी थाळी तरी फिरवत असतं.

काही जण म्हणतील, पूर्वीच्या बायका नव्हत्या का करत? तेव्हा कुठे होती पाळणाघरं? मलाही हा प्रश्न बरेच दिवस निरुत्तर करायचा, कारण मी स्वतः तसाच वाढलो. आम्ही सांगलीच्या जुन्या गावभागात राहायचो. वाड्यात सहा बिऱ्हाडं, मधे चौक. आई दळप-कांडप करत असायची, मी कुणाच्या तरी ओसरीवर असायचो. कुणाच्या, ते आईलाही ठाऊक नसायचं आणि तिला त्याची काळजीही नसायची. मग 2005चा पूर आला. त्यातून सावरलो. ऑगस्ट 2019मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली, धोक्याची पातळी 45. वाड्याच्या माडीला पाणी लागलं. 2021ला पुन्हा तेच. ज्यांना जमलं ते विश्रामबागेकडे उंचावर गेले; आम्हीही गेलो. भांडी-कुंडी वाचली, कागदपत्रं वाचली. शेजार तेवढा खाली राहिला. पुराच्या पंचनाम्यात शेजाराचा रकाना नसतो, पण आमच्या घरापुरतं बोलायचं तर सगळ्यात मोठं नुकसान ते होतं. आता आमच्या मजल्यावर चार दारं आहेत आणि चारही बंद.

पण वाड्याच्या आठवणीत फार रमू नये असं मला अलीकडे वाटायला लागलंय, ते माझ्या आत्यामुळे. आत्या माझ्या वडिलांपेक्षा आठ वर्षांनी मोठी. आजी-आजोबा दुसऱ्याच्या रानात रोजाने जायचे, म्हणून आत्याला चौथीनंतर शाळेतून काढलं आणि पाठोपाठच्या दोन भावंडांना तिच्या कडेवर दिलं. धाकटा भाऊ, म्हणजे माझे वडील, पुढे शिकले, सरकारी खात्यात लागले, मला इंजिनिअर केलं. आत्या आजही बसचा बोर्ड शेजारच्याला विचारते. परवा ती आली होती. धाकटीला कडेवर घेताना तिच्या कंबरेचं ते सवयीचं वळण मी पहिल्यांदा नीट बघितलं. डाव्या बाजूला किंचित कलून उभं राहायचं, वजन हाडावर घ्यायचं. नऊ वर्षांची असल्यापासूनची सवय. पूर्वीची पाळणाघरं अशी होती. फी कुणीतरी भरत होतंच.

मग कायदा काय म्हणतो? बायकोला धाकटीच्या वेळी 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. 1961च्या प्रसूती लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती होऊन 12 आठवड्यांचे 26 झाले, चांगलं झालं. त्याच दुरुस्तीने 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली. बायको काम करते तिथे पन्नास माणसं भरत नाहीत. मिरजेत अशी छोटी हॉस्पिटलं किती आहेत हे तिथल्या कुठल्याही रस्त्यावरून चालत गेलं तरी कळतं. माझ्यापुरता तर प्रश्नच मिटला. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगीत कायद्याने काहीच नाही, आणि माझ्यासारख्याला मालकच नाही. मी सहा दिवस काम बंद ठेवलं. सातव्या दिवशी मालक म्हणून मीच मला बोलावून घेतलं.

कामगार विम्याची (ईएसआय) नोकरी सोडली तर 26 आठवड्यांचा खर्च सगळाच्या सगळा मालकावर टाकलाय, सरकारचा त्यात हातभार जवळपास नाही. परिणाम काय होतो ते कुठल्याही छोट्या कंपनीत मुलाखतीला बसलेल्या तिशीतल्या बाईला विचारा. 'लग्न झालंय का? मुलं?' हे प्रश्न उगीच येत नाहीत. नोकरीतून अशी ढकलली गेलेली बाई मग घरून काम घेते, आणि घरून काम घेतलं की कायद्याच्या बाहेर. म्हणजे ज्या तरतुदीने तिला आत ठेवायचं, तीच तिला दाराबाहेर काढते आणि दाराबाहेर तिच्यासाठी काहीच नाही.

2020च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार, म्हणजे कायमच्या नोकरीबाहेर सुटी कामं करणारे, हा शब्द आला आणि त्यांच्यासाठी करायच्या योजनांच्या यादीत प्रसूती लाभ आणि पाळणाघर हेही शब्द आले. यादी वाचून बरं वाटतं. पण त्यासाठी पैसा उभा करायचा तो मुख्यतः ॲग्रिगेटर, म्हणजे ॲपवरून काम वाटणाऱ्या, कंपन्यांच्या उलाढालीतून, एक ते दोन टक्के. जेवण पोचवणाऱ्या मुलाला कंपनी आहे, ॲप आहे, निदान बोट दाखवायला कुणीतरी आहे. माझा ॲग्रिगेटर म्हणजे कारखान्यातला परचेसचा माणूस आणि त्याचा फोन. समोरच्या ताईचा ॲग्रिगेटर म्हणजे जिन्यातून येणाऱ्या बायका. कुणाच्या उलाढालीचे दोन टक्के घेणार? घरी बसून काम करणाऱ्यांबद्दल आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 177 क्रमांकाचा करार 1996 सालचा आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

माझं म्हणणं म्हणून एवढंच आहे: मूल सांभाळण्याची सोय नोकरीला टांगू नका, वस्तीला जोडा. मूल कुठल्या कंपनीचं नसतं, ते कुठल्यातरी गल्लीचं असतं.

ही कल्पना कुठून आयात करायला नको, कारण तिचं मूळ आमच्याच जिल्ह्यात सापडतं. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे अनेक वर्षं विधान परिषदेचे सभापती होते. काम मागेल त्याला काम, ही त्यांची कल्पना साठच्या दशकात आधी तासगाव तालुक्यात करून पाहिली गेली. 1972च्या दुष्काळात रोजगार हमी राज्यभर पसरली, 1977 साली कायदा झाला, 26 जानेवारी 1979पासून लागू झाला. माझी आजी त्या दुष्काळात खडी फोडायला गेली होती, 'सुकडी', म्हणजे दुष्काळी कामावर मिळणारं कोरडं खाणं, हा शब्द आमच्या घरात त्यातूनच आला. कामावर पाळणाघराची सोय असावी ही गोष्ट रोजगार हमीत होती. आणि 2005 साली देशभराचा रोजगार हमी कायदा झाला तेव्हा त्याच्या परिशिष्टात एक साधं वाक्य घातलं गेलं: कामावर आलेल्या बायकांची सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्या बायकांपैकी एकीला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची.

हे वाक्य मी बऱ्याचदा लोकांना सांगतो. कागदावर उतरलेलं इतकं शहाणपण फार कमी वेळा वाचायला मिळतं. माती उचलणं हे काम, आणि माती उचलणारीचं मूल सांभाळणं हेही काम, दर एकच. प्रत्यक्षात किती ठिकाणी झाडाखाली एक चटईसुद्धा अंथरली गेली नाही, हे कामावर जाऊन आलेल्या कुठल्याही बाईला माहीत आहे. पण तत्त्व कायद्यात लिहिलं गेलं, आणि ते खडी फोडणाऱ्या बाईसाठी लिहिलं गेलं. मग शहरातल्या सुशिक्षित म्हणवणाऱ्यांना अजून 'टाइम मॅनेजमेंट'वर का बोळवतात?

वस्तीचं पाळणाघर म्हणजे मला काय अभिप्रेत आहे तेही सांगतो. चकचकीत, कार्टून रंगवलेलं, पूर्ण दिवसाचं डे-केअर नव्हे. तशी सांगलीत शंभर फुटी रस्त्यावर आहेत, त्यांची फी माझ्या एका आठवड्याच्या कमाईइतकी आहे आणि ती नोकरीच्या वेळेला बांधलेली आहेत. नगावर काम करणाऱ्याला रोज आठ तास लागत नाहीत. त्याला मंगळवारी तीन तास लागतात, गुरुवारी सात आणि डिस्पॅचच्या आदल्या दिवशी रात्री नऊपर्यंत. म्हणून तासावर चालणारी, पायी पाच मिनिटांवरची, दहा-बारा मुलांची एक खोली. शाळेची खोली दुपारनंतर कुलूपबंद असते, समाजमंदिर लग्नसराई सोडली तर रिकामं असतं. फी उत्पन्नाप्रमाणे. मी पुरी द्यावी, ताईने अर्धी, धुणी-भांडी करणारीने नाममात्र. आणि तिथल्या बाईला पगार. मानधन नव्हे.

मानधन या शब्दावर मी मुद्दाम अडतो. 2 ऑक्टोबर 1975ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, म्हणजे अंगणवाडीला पन्नास वर्षं झाली. लहान मुलांसाठी गल्लीपर्यंत पोचलेली दुसरी कुठलीही सरकारी व्यवस्था आपल्याकडे नाही. थोरला तिथे दोन वर्षं गेला, तिथली गाणी अजून म्हणतो. पण अंगणवाडी सकाळच्या काही तासांची आणि बसून शिकवायचं ते तीन वर्षांपुढच्यांना. केंद्राने 2022मध्ये मिशन शक्तीखाली 'पालना' योजना आणली, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलांसाठी, दिवसाला साडेसात तास. दिशा बरोबर आहे. आता हे ज्या सेविकांच्या जिवावर करायचं, त्यांना आपण अजून कर्मचारी म्हणायला तयार नाही. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की त्यांना ग्रॅच्युइटी मिळायला हवी. 2023च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या तो संप दीड महिन्याहून जास्त चालला. त्या काळात किती फ्रीलान्सरांच्या तारखा चुकल्या असतील, त्याची नोंद अर्थातच कुठे नाही.

यावरचा सर्वांत रोखठोक आक्षेप माझ्या मेहुण्याने घेतला. म्हणाला, "दाजी, मुलं तुम्ही काढली, नोकरी तुम्ही सोडली. माझ्या टॅक्समधून तुमची पोरं का सांभाळायची?" तो तसा प्रेमळ आहे. आक्षेप खोडून काढण्याआधी त्यात तथ्य किती ते बघू. मी नोकरी आपण होऊन सोडली हे खरं. पण माझी बायको रात्री ज्या आयसीयूत उभी असते तिथे त्याचे वडील मागच्या वर्षी पाच दिवस होते. ती ड्युटी करू शकली कारण घरी मी होतो, आणि मी घरी टिकलो कारण आई होती. त्या पाच दिवसांचं बिल त्याने भरलं, आईचा भाग त्यात नव्हता. आणि टॅक्सचंच म्हणायचं तर मीही भरतो. व्यवसायाचा खर्च म्हणून इंटरनेटचं बिल धरता येतं, लॅपटॉपचा घसारा धरता येतो. मूल सांभाळणाऱ्या बाईला दिलेले पैसे मात्र वैयक्तिक खर्च. लॅपटॉपशिवाय मी कदाचित एक दिवस काढेन, कागदावर स्केच करेन. बाईशिवाय तासभर निघत नाही.

मेहुणा म्हणाला, "मग मोबाईल द्यायचा तासभर हातात." हा सल्ला प्रत्यक्षात सगळेच अमलात आणतात. मीही आणतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलंय, दोन वर्षांखाली स्क्रीन नको, दोन ते चार वर्षांत तासाच्या वर नको. मला पाठ आहे ते. क्लायंटचा फोन आला की मी धाकटीला यूट्यूबवरची नाचणारी हत्तीणबाई लावून देतो आणि फोन संपेपर्यंत तिच्याकडे बघायचं टाळतो.

पैशाच्या तारखांचंही एक आहे, थोडक्यात सांगतो. सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नोंद असेल तर 2006च्या कायद्याने 45 दिवसांत बिल मिळायला हवं. माझी नोंद आहे. बिलं तीन महिन्यांनी येतात. तक्रार करता येते, आणि तक्रार केली की पुढचं काम येत नाही. मध्यंतरी सहा महिने एक मावशी लावल्या होत्या, त्यांचा पगार एक तारखेला द्यायचा असायचा. तीन वेळा तारीख चुकली. चौथ्या महिन्याला त्या आल्या नाहीत. त्यांची चूक नव्हती.

काल आईला बागेवरून फोन आला. छाटणी पुढच्या सोमवारपासून धरलीय, मजूर ठरलेत, ती रविवारी दुपारच्या एसटीने जाईल. कुपवाडच्या त्याच कारखान्याचं नवीन काम हातात आहे, पहिल्या तीन ड्रॉइंगची तारीख बुधवार. संध्याकाळी मी समोरच्या ताईचं दार वाजवलं. दिवाळीच्या साड्यांचा ढीग जमिनीपासून मशीनच्या पाट्यापर्यंत आलेला होता. सोमवार ते बुधवार, सकाळी दहा ते एक, धाकटीला ठेवाल का, असं विचारलं. ताईने फळीच्या पलीकडे खेळणाऱ्या आपल्या पोराकडे बघितलं आणि म्हणाली, "ठेवा की. एकाला दोन. त्याला पण सोबत होईल."

"पैसे किती?"

ती हसली. "पोर सांभाळायचे पैसे कुणी घेतं का, दादा?"

मी म्हणालो, घ्यायलाच पाहिजेत. ती गप्प झाली, हातातली साडी उलटी-पालटी करत बसली. साध्या ब्लाउजचे किती, अस्तरचे किती, पिको किती आणि फॉलसकट किती, सगळं तिला तोंडपाठ आहे, भिंतीवर खडूने लिहिलेलंही आहे. तीन तासांचा आकडा तिला सांगता येईना. मलाही सुचेना. शेवटी ती म्हणाली, "बघू, बुधवारी बघू," आणि मशीन सुरू केलं.